दुःख अर्पण करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही काही जण वसईतल्या घराघरांत अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ख्रिस्तप्रसाद (मिस्सा या चर्चमधल्या उपासनेत अर्पण केलेली पवित्र भाकर) घेऊन जातो. प्रार्थना आटोपते, आम्ही ओटीवर चपला घालत असतो आणि घरातलं कोणीतरी मागोमाग येऊन हळू आवाजात विचारतं, "बाई, एक विचारू का?" खालचे बहुतेक प्रश्न असे ओटीवरचे आहेत. काही अर्नाळा, रेवदंडा, मालवण, सावंतवाडीकडून फोनवर आलेले. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. चर्चची शिकवण आहे तिथे ती सांगितली आहे आणि माझं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

१. "दुःख अर्पण कर" असं आजीपासून फादरांपर्यंत सगळे सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

जे दुखणं किंवा जी अडचण आपल्या वाट्याला आलीच आहे, ती येशूच्या दुःखसहनाला जोडायची आणि कोणासाठी तरी देवाच्या हाती द्यायची. एवढंच.

हे समजायला मिस्सेतला एक क्षण पाहा. अर्पणाच्या वेळी फादर प्याल्यातल्या द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालतात. तेव्हा आपलं लक्ष बहुधा पाकिटातली नोट शोधण्यात असतं. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्याचा अर्थ सांगितला: द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे आपण माणसं आणि एकदा मिसळल्यावर दोघांना वेगळं काढता येत नाही. आपलं दुखणं हा तो थेंब. एकट्या थेंबाची किंमत ती काय, पण तो कशात पडतो ते बघा.

माझ्या आजीला संधिवात होता. बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी झाली होती, तरी पहाटे मोगऱ्याच्या कळ्या तीच खुडायची, कारण दादरच्या बाजाराची गाडी थांबत नाही. परत आल्यावर ती निर्गुंडीचं तेल कोमट करून एकेक बोट चोळायची आणि प्रत्येक बोटाला एकेक नाव घ्यायची. अंगठा दुबईला गेलेल्या मुलाचा, तर्जनी बाळंतपणाला आलेल्या भाचीची, करंगळी कुंपणावरून भांडण झालेल्या शेजाऱ्याची. आधी तेल, मग नाव. मी पाहिलेलं अर्पण हे असं आहे.

२. बायबलात याला आधार आहे का? पौल म्हणतो ख्रिस्ताच्या दुःखात उणीव राहिली. मग क्रूसावर काम अपुरं राहिलं का?

ही ओळ बायबलातल्या संत पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या १ल्या अध्यायात, २४व्या वचनात आहे. तुमच्यासाठी दुःख सोसताना मला आनंद वाटतो आणि ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते त्याच्या शरीरासाठी, म्हणजे ख्रिस्तसभेसाठी, मी आपल्या देहात भरून काढतो, असा तिचा आशय.

चर्चची शिकवण स्पष्ट आहे: तारणासाठी जे लागत होतं ते येशूनं पूर्ण केलं, त्यात कोणी भर घालू शकत नाही. मग उणं काय? आपला सहभाग. आई एकटीनं सगळा स्वयंपाक करू शकते, तरी लहान मुलीला चार पोळ्या लाटायला देते. मुलीच्या पोळीचा नकाशा होतो, पण तीही ताटात वाढली जाते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या अर्थावर लिहिलेल्या पत्राची सुरुवातच या वचनानं होते. मे १९८१ मध्ये त्यांना गोळ्या लागल्या होत्या. दुखणं काय असतं हे अनुभवलेल्या माणसाचं ते लिखाण आहे, म्हणून मला ते जवळचं वाटतं.

३. म्हणजे देवाला आपण दुखण्यात असलेलं आवडतं?

नाही. येशूकडे आजारी माणसं आली तेव्हा त्यानं त्यांना बरं केलं; "तसेच राहा, सोसा" असं सांगून परत पाठवलं नाही. गेथशेमानीच्या बागेत त्यानं स्वतःसुद्धा "हा प्याला टळू दे" अशी विनवणी केली. दुःख टळावं म्हणून प्रार्थना करणं हा विश्वासाचा कमीपणा असता, तर ती प्रार्थना शुभवर्तमानात नसती. देवापर्यंत पोचतं ते आपलं प्रेम, दुखण्याची तीव्रता तो मोजत बसत नाही.

४. ठरलेली प्रार्थना आहे का? कधी म्हणायची?

आपल्यातल्या जुन्या माणसांना सकाळची अर्पण-प्रार्थना पाठ असते. तिचा प्रसार करणारी चळवळ ३ डिसेंबर १८४४ रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दिवशी, फ्रान्समधल्या व्हाल्स गावी सुरू झाली. तिथले जेझुइट या संन्यासी संघातले तरुण विद्यार्थी परदेशात मिशनवर जायला उतावीळ झाले होते, अभ्यासात त्यांचं मन लागेना. फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितलं की इथला अभ्यास, इथला कंटाळा, इथली किरकिर हेच रोज मिशनसाठी अर्पण करा.

तिच्यात आपण दिवसभराच्या प्रार्थना, कामं, आनंद आणि दुःखं देतो. आनंद हा शब्द माणसं विसरतात. नातवंडाचं पहिलं पाऊल, कालवणाला लागलेली चव, हेही द्यायचं असतं.

शब्द आठवत नसतील तर "येशू, हे तुझ्याबरोबर, अमक्यासाठी" एवढं पुरे. दुखणं ऐन भरात असताना तेवढंही सुचत नाही, म्हणून सकाळीच एकदा सांगून ठेवावं. दिवसभर ते चालू राहतं.

५. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया क्रूसावर मेला. माझी गुडघेदुखी आणि लोकलची गर्दी त्याच्यापुढे काय अर्पण करायची?

गोन्सालो १५५६च्या सुमारास वसईत जन्मला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर २५ जणांबरोबर क्रूसावर मेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाला. तो क्रूस आपल्याला आलेला नाही. आपल्याला विरारच्या गाडीतली, तिघांच्या बाकावर अंग चोरून बसायची चौथी सीट आली आहे.

लहान गोष्टी चालतात का, या शंकेचं उत्तर पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरच्या पत्रात दिलं आहे. रोजचे छोटे काटे अर्पण करण्याची जुनी सवय मागे पडली, तिच्यात कधी अतिरेकही झाला, पण तिच्यात काही मोलाचं होतं जे आपण परत उचलायला हवं, असा त्यांचा सूर आहे. तेव्हा गुडघा चालतो, गर्दी चालते, सून-सासूतला अबोलाही चालतो. अबोला मात्र अर्पण करून तसाच चालू ठेवायचा नसतो. तो मोडायचा.

६. दुखणं शरीराचंच हवं का? १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, घरात पैसा नाही. ही चिंता अर्पण करता येते?

येते. चिंता, कर्ज, अपमान, एकटेपणा, परदेशी गेलेल्या मुलाचा न आलेला फोन, सगळं. पण चिंता अर्पण केली म्हणून मच्छीमार सोसायटीकडे अर्ज करायचं थांबवू नका आणि कोणी मजुरी बुडवली असेल तर मागायला लाजू नका. न्याय मागणं आणि अर्पण करणं एकाच हातानं करता येतं.

७. कोणासाठी द्यायचं? एकाच दुखण्याला दोन-तीन हेतू ठेवले तर वाटणी होऊन कमी पडतं का?

वाटणी होत नाही. मुलासाठी, शुद्धिस्थानातल्या (मरणानंतर स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यांसाठी, नाव माहीत नसलेल्या एखाद्या कैद्यासाठी एकाच वेळी देता येतं. हेतू सुचत नसेल तर "ज्याला सर्वात जास्त गरज आहे त्याला" म्हणा. १९५० च्या दशकात मदर तेरेझांनी जॅकलिन द डेकर या बेल्जियन बाईला, जिला मणक्याच्या आजारामुळे कोलकात्यात राहून काम करणं अशक्य झालं होतं, आपल्या सेवेसाठी दुखणं अर्पण करायला सांगितलं. पुढे एकेका सिस्टरशी एकेक आजारी माणूस जोडला गेला. घरी पडून असलेल्यांना मी हे नेहमी सांगते, कारण त्यांची मोठी तक्रार "मी आता कोणाच्या उपयोगाची नाही" हीच असते.

८. वेदनेवरची गोळी घेतली तर अर्पण कमी होतं का? बाबा म्हणतात, येशूनं तरी कुठे घेतली?

या प्रश्नावर मी मुद्दाम थांबते, कारण वेदनेनं ओठ चावत पडलेली आणि उशीखाली गोळ्या लपवणारी माणसं मी पाहिली आहेत.

गोळी घ्या. सांगितलेल्या वेळी, सांगितलेली पूर्ण मात्रा घ्या. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांच्यापुढे भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न ठेवला होता. वेदना कमी करणं योग्य आहे, ख्रिस्ती माणसानं वेदना सोसलीच पाहिजे असं बंधन नाही, असं त्यांनी सांगितलं. चर्चच्या १९८० च्या निवेदनात म्हटलं आहे की कोणी स्वखुशीनं वेदनाशामक कमी घेऊ शकतो, पण अशी वीरता सर्वांवर नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ आणखी पुढे जातो: मरणपंथाला लागलेल्याच्या वेदना कमी करायला औषध दिलं आणि त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली, तरी मरण आणणं हा हेतू नसेल तर ते योग्य ठरू शकतं.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. क्रूसावर खिळण्यापूर्वी दिलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस येशूनं नाकारला. पण "मला तहान लागली आहे" असं तो म्हणाला आणि ओठांना लावलेली आंब त्यानं घेतली. आपल्याला काय हवं ते बोलून दाखवणं ही त्याचीच रीत.

मॉर्फिन दिल्यावरही थोडी वेदना उरते, भीती उरते, रात्र लांबते. जे उरतं ते द्यायचं. काहीच उरलं नाही तर झोपेबद्दल आभार माना.

९. नवस आणि अर्पण एकच का?

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीला गेलात तर पायऱ्यांशी मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. ती मागणी आहे, फेडही आहे आणि त्यात कमीपणाचं काही नाही. नवसात आपण काहीतरी मागतो आणि त्या बदल्यात काही करायचं बोलतो. अर्पणात बदला नाही. पाय बरा झाला तरी आनंद, नाही झाला तरी त्याची कळ कोणासाठी तरी दिलेली. दोन्ही एकाच दिवशी करणारी माणसं आहेत आणि मारियामातेला त्यात गोंधळ वाटत असेल असं मला वाटत नाही.

१०. मग मुद्दाम स्वतःला त्रास करून घ्यावा का? काही जण अनवाणी वालांकिणीला जातात.

स्वेच्छेनं केलेला त्याग ही चर्चची जुनी परंपरा आहे, पण तिला माप आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दोन दिवस. तो नियम १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मांसवर्ज्य १४ पासून. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी उपवास करायची गरज नाही आणि "फादर, मी इन्शुलिन घेऊनही उपवास केला" यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मारियामातेचं दर्शन घडल्याचं सांगणाऱ्या मुलांनी कमरेला करकचून दोरी बांधली होती. त्यांच्या सांगण्यानुसार १३ सप्टेंबर १९१७ रोजी मारियामातेनं त्यांना सांगितलं की तुमचे त्याग देवाला भावले, पण दोरी बांधून झोपू नका. ज्या त्यागानं तब्येत बिघडते किंवा घरच्यांना जाच होतो, तो तुमच्या फादरांना विचारल्याशिवाय करू नका.

११. नवरा दारू पिऊन मारतो. सासूबाई म्हणतात, "तुझा क्रूस समज, अर्पण कर." मी काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. माहेरी, शेजारी, कॉन्व्हेंटात, जिथे जमेल तिथे, मुलांना घेऊन. तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा तुमच्यासाठीच आहे.

क्रूस कोणी दुसऱ्याच्या पाठीवर काठीनं लादायचा नसतो. नवऱ्याचं मारणं हे पाप आहे आणि ते चालू राहायला मदत करणं म्हणजे त्याच्या आत्म्याचंही नुकसान. लग्नाचा संस्कार तुटतो या भीतीनं बायका थांबतात. चर्चच्या कायद्याचं ११५३वं कलम जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला परवानगी देतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिलं आहे की काही वेळा वेगळं होणं टाळता येत नाही, नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं.

वेगळं झाल्यावर जो एकटेपणा येईल, लोकांचं बोलणं येईल, ते अर्पण करा. मार नाही. हे वाचणाऱ्या सासूबाईंना मी हात जोडून सांगते, हे वाक्य पुन्हा कोणत्याही मुलीला सांगू नका.

१२. माझ्या चुकीनं आलेलं दुखणंही चालतं का? दारूनं लिव्हर गेलं. शेजारी म्हणतात, कर्माची फळं.

येशूच्या शेजारच्या क्रूसावरचा चोर म्हणाला होता, आम्ही आमच्या कृत्यांचं योग्य फळ भोगतो आहोत. त्यालाच येशूनं त्याच दिवशी सुखलोक देऊ केला. तेव्हा हो, चालतं. आधी पापनिवेदन करा, मन हलकं होईल.

पण प्रत्येक दुखणं कोणाच्या तरी पापाचं फळ, हा हिशेब येशूनं मानला नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, "पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं?" तो म्हणाला, दोघांचंही नाही. अपंग बाळाच्या आईला शेजारपाजारचे काही बोलत असतील तर योहानाचा ९वा अध्याय तिला वाचून दाखवा.

१३. मला देवाचा राग येतो. प्रार्थना तोंडातून निघत नाही. मी कसलं अर्पण करणार?

राग त्यालाच सांगा. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही स्तोत्रातली ओळ येशूनं क्रूसावर मोठ्यानं म्हटली. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. फ्रान्समधल्या लिजूची जोगीण संत तेरेझा क्षयानं १८९७ मध्ये २४व्या वर्षी गेली. शेवटचं सुमारे दीड वर्ष तिला स्वर्ग आहे की नाही असा अंधार जाणवत होता. तिनं तो लपवला नाही, लिहून ठेवला.

राग आठवडे, महिने राहिला, झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं तर ते वेगळं दुखणं आहे, त्याला डॉक्टर आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मनाच्या गोळीलाही प्रश्न ८ चं उत्तर लागू.

१४. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर "अर्पण कर" असं आपण सांगावं का?

विचारल्याशिवाय नाही. हे मी चुकून शिकले. आमच्या आळीतली एक बाई, माझ्याहून लहान, कॅन्सरनं अंथरुणाला होती. पलंगाच्या कडेला बसून मी म्हटलं, "अगं, हे सगळं येशूला दे." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. निघताना तिचं पांघरूण सारखं करायला हात घातला तर खालची चादर ओली. ती बदलायला कोणी येईल म्हणून ती वाट पाहत होती आणि मी उपदेश करत होते. आम्ही दोघींनी मिळून चादर बदलली. नंतर तिनंच विचारलं, "आता म्हण काय म्हणत होतीस ते."

हे वाक्य ज्याचं दुखणं त्यानं म्हणायचं. बाकीच्यांनी चादर, पेज, औषधाची चिठ्ठी, रिक्षा बघावी.

१५. फादरांना तेल लावायला बोलावलं तर आईला वाटेल आपण मरणार. बोलवावं का?

बोलवा, आणि वेळेवर. फादर आजाऱ्याला पवित्र तेल लावतात त्या संस्काराचं "शेवटचा संस्कार" हे नाव लोकांच्या तोंडी बसलं आहे, पण १९६३ मध्येच जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं की हा फक्त शेवटच्या घटका मोजणाऱ्यांचा संस्कार नाही. मोठ्या ऑपरेशनपूर्वी, गंभीर आजारात, वृद्धपणी शक्ती खचल्यावर घेता येतो आणि प्रकृती बिघडली तर पुन्हाही. आजाऱ्याचं दुखणं ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडणं हा त्याचा एक परिणाम आहे, म्हणजे प्रश्न १ मधलंच. खूप धर्मग्रामांत ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनी, हे तेल सामुदायिक मिस्सेत लावतात. आईला तिथे न्या. चार मैत्रिणी रांगेत दिसल्या की तिची भीती जाईल.

१६. आईला आता काही आठवत नाही, मला "तू कोण" विचारते. तिच्या वतीनं मी तिचं दुःख अर्पण करू शकते का?

तिला देवाच्या हाती सोपवता येतं, रोज. तिनं आयुष्यभर सकाळी केलेलं अर्पण तिच्या आठवणीबरोबर पुसलं गेलं असं मी मानत नाही. ती विसरली, देव विसरलेला नाही. पण जे खास तुमचं आहे तेही पाहा: रात्री चारदा उठणं, तोच प्रश्न चाळीसदा ऐकणं, तिच्यावर ओरडल्यावर बाथरूममध्ये रडणं. ते तुम्ही अर्पण करा. आणि आठवड्यातून एक दुपार भावाला बसवा तिच्याजवळ.

१७. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घरी यायचा असेल तर काय तयारी? आणि मधुमेहामुळे बाबा उपाशी राहू शकत नाहीत.

एरवी ख्रिस्तप्रसादाआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नसतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना ही अट नाही. बाबांना नाश्ता द्या, तुम्हीही खा.

लहान टेबल किंवा स्टूल, वर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि गिळायला त्रास होत असेल तर पेलाभर पाणी. तुकडा गिळत नसेल तर आधीच सांगा, अगदी छोटा देता येतो. टीव्ही बंद करा. पंखा बंद करू नका, आजाऱ्याला घाम येतो. मेणबत्तीच तेवढी आडोशाला ठेवा.